आतून कडी

दार बसवणं हे माझं काम. दर शनिवारी सकाळी सिएटलच्या दक्षिणेकडच्या एका मोठ्या शेडमध्ये आम्ही पंधरा-वीस जण जमतो आणि बेघर माणसांसाठी लाकडी खोल्या बांधतो. कुणी जमिनीची चौकट जुळवतं, कुणी भिंतींचे सांगाडे उभे करतं, कुणी त्यात थंडी अडवणारी काचलोकर भरतं. मला पहिल्याच दिवशी दारापाशी उभं केलं गेलं आणि मी तिथेच राहिले.

आमच्यातल्या एका जुन्या सुतारांची दार तपासायची एक रीत आहे. सत्तरी कधीच ओलांडलेले गृहस्थ. खोलीत जातात, दार ओढून घेतात आणि करंगळीने आतली कडी सरकवतात. करंगळीने सरकली नाही तर बिजागरी पुन्हा सोडायची. एकदा त्यांनी मला तिसऱ्यांदा बिजागरी सोडायला लावली तेव्हा मी वैतागले. म्हटलं, "जरा जोर लावला की बसते की!" ते म्हणाले, "राहायला येणाऱ्याच्या बोटांत जोर असेल कशावरून? दोन हिवाळे बाहेर काढलेली बोटं असतात ती."

त्यानंतर मी कधी वाद घातला नाही.

खोली आठ फूट बाय बारा फूट. म्हणजे ९६ चौरस फूट. मला वाटायचं, लाकडाच्या फळ्या आठ फुटी मिळतात म्हणून हे माप ठरलं असेल. तेही खरंच आहे, पण खरं कारण बांधकामाच्या नियमांत दडलेलं आहे. १२० चौरस फुटांच्या आतली खोली त्या नियमांच्या लेखी राहतं घर नसते. घर नाही, त्यामुळे घराला लागणाऱ्या परवानग्यांची लांबलचक वाटही नाही. ट्रकवर चढवायची, रिकाम्या जागेवर नेऊन ठेवायची, विजेची तार जोडायची आणि त्याच आठवड्यात माणूस आत. खोलीत एक खिडकी, एक दिवा, छोटा हीटर, धूर झाला तर ओरडणारं यंत्र, एक पलंग आणि कुलूप. नळ नाही, मोरी नाही, संडास नाही, चूल नाही. ते सगळं वस्तीच्या मधोमध, सामाईक.

ही गोष्ट मला सुरुवातीपासून टोचत आली आहे. कायद्याच्या दृष्टीने ते घर नाही, म्हणून ते इतक्या झटपट उभं राहतं. आणि घर नाही, म्हणूनच तिथे कुणाचा कायमचा मुक्काम असू शकत नाही. दोन्ही गोष्टी त्याच एका मापातून येतात. दार बसवताना हे विसरून चालत नाही.

आपल्या भाषेत या सगळ्याला किती वेगवेगळे शब्द आहेत. आडोसा, आसरा, निवारा, बिऱ्हाड, घर. आडोसा म्हणजे वारा अडेल एवढंच. आसरा कुणीतरी दिलेला असतो, त्यात देणाऱ्याचा हात वर असतो. निवाऱ्यात पाऊस लागत नाही. बिऱ्हाडाला भांडीकुंडी आली, पण ते हलवता येतं, हलवावं लागतं. घर त्यानंतरचं. मी रस्त्यावरच्या माणसाला 'बेघर' म्हणते तेव्हा जणू त्याच्याकडे ही एकच गोष्ट नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तो ही सगळी उतरंड एकेक करून खाली आलेला असतो आणि परत चढताना त्याला यातली एकही पायरी गाळता येईलच असं नसतं.

ज्यांच्यामुळे मला हे कळलं त्या बाई साठीच्या पुढच्या. मी त्यांचं नाव इथे लिहिणार नाही. नवऱ्याच्या लांबलेल्या आजारपणात साठवलेलं गेलं, तो गेल्यावर एकटीच्या पेन्शनमध्ये भाडं परवडेना, मग त्या गाडीत राहू लागल्या. सोबत एक म्हातारा कुत्रा. सुमारे दीड वर्ष गाडीत. मग एक दिवस गाडी उचलून नेली गेली. सोडवून आणायला लागणारी रक्कम त्यांच्या महिन्याच्या पैशांपेक्षा जास्त होती. गाडीत कपडे होते, औषधं होती, नवऱ्याचे फोटो होते आणि सगळे कागद होते. त्या मला म्हणाल्या, "भाड्याचं घर गेलं तेव्हा मी बेघर झाले नव्हते गं. गाडी गेली त्या दिवशी झाले."

गाडीत राहणाऱ्या माणसाची गाडी हेच त्याचं राहतं घर मानावं, असं वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. सिएटलमध्येच जप्त झालेल्या एका ट्रकवरून तो खटला उभा राहिला होता. मी निकालाबद्दल त्यांना सांगितलं तेव्हा त्या नुसतीच मान हलवत राहिल्या.

गाडी गेल्यावर त्या रात्रनिवाऱ्यात का गेल्या नाहीत, हा प्रश्न मीही विचारला होता. सगळेच विचारतात. अनेक निवाऱ्यांत कुत्रा चालत नाही. अनेक ठिकाणी नवरा-बायकोला एकत्र ठेवत नाहीत. सामान दोन पिशव्यांपुरतं. संध्याकाळी रांग लावायची, सकाळी बाहेर पडायचं, दिवसभर पिशव्या वागवत हिंडायचं. साथीचं माणूस, मुकं जनावर आणि उरलंसुरलं सामान या तीन गोष्टींपायी माणसं आत यायला नकार देतात आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यांना रस्ताच आवडतो. ज्याच्याकडे शेवटच्या तीनच गोष्टी उरल्या आहेत, त्याला आपण त्यातली एक दाराबाहेर ठेवून ये म्हणतो. मी त्यांच्या जागी असते तर कुत्र्याला सोडलं असतं का? नसतं.

लाकडी खोल्यांच्या वस्तीत कुत्रा चालतो. जोडपी एकत्र राहतात. खोलीला कुलूप असतं आणि किल्ली राहणाऱ्याकडे असते, त्यामुळे सामान खोलीत टाकून माणूस दवाखान्यात जाऊ शकतो, कामाच्या मुलाखतीला जाऊ शकतो, वाचनालयात नुसता बसू शकतो.

त्या बाई तिथे राहायला आल्या तेव्हा मी सामानाचं वाटप करायला वस्तीत होते. त्यांना पांघरूण, उशी, टॉवेल देऊन आले. दुसऱ्या दिवशी गेले तर खोली बंद. तिसऱ्या दिवशीही. मला काळजी वाटली. फाटकावरच्या माणसाने सांगितलं, "झोपल्यात. सगळेच झोपतात. काही जण चार-चार दिवस." फक्त कुत्र्याला फिरवायला त्या बाहेर येत आणि परत कडी लावत. पुढे थोडी ओळख वाढल्यावर त्यांनी सांगितलं, ते सगळे दिवस त्या पायांत बूट ठेवूनच झोपल्या होत्या. बाहेर बूट काढून झोपलं तर सकाळी ते असतीलच असं नाही. शिवाय रात्री कुणी हुसकावलं तर बांधत बसायला वेळ कुठला. बूट काढून झोपायला त्यांना तीन आठवडे लागले. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जणू नवीन चष्म्याची सवय व्हायला किती दिवस लागले ते सांगत होत्या.

रस्त्यावरच्या माणसाची झोप हा विषय आपण फार कमी बोलतो. भूक दिसते, थंडी दिसते. वर्षानुवर्षं सलग चार तास झोप न मिळालेला माणूस कसा दिसतो? तो चिडका दिसतो, गोंधळलेला दिसतो, दिलेली वेळ विसरतो, अर्ज अर्धवट भरतो. त्याला आपण बेजबाबदार म्हणून मोकळे होतो. त्या बाईंना पहिल्या भेटीत पाहिलं तेव्हा मलाही वाटलं होतं की यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. महिन्याभराने त्याच बाई मला वस्तीच्या स्वयंपाकघरातली पाळीपत्रकं चुकीची कशी लावली आहेत ते समजावून सांगत होत्या. आणि खरंच चुकली होती.

वस्ती म्हटलं की बाहेरच्या लोकांना एक तर स्वर्ग वाटतो नाहीतर धोका. दोन्ही नाही. पन्नासेक खोल्या, भोवती कुंपण, एक फाटक, फाटकावर चोवीस तास कुणीतरी. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद. आठवड्याला एक सभा, तिला हजर राहायलाच हवं. स्वयंपाकघर, न्हाणीघरं आणि आवार साफ करायच्या पाळ्या. मायक्रोवेव्ह घाण कुणी ठेवला यावरून होणारी भांडणं मी पाहिली आहेत, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडली. घाण मायक्रोवेव्हवरून भांडतो तो माणूस उद्याही इथेच असणार आहे असं धरून चाललेला असतो.

ही आपली आपण वस्ती चालवायची पद्धत नवी नाही. ऑरेगनमधल्या पोर्टलंडला २००० च्या अखेरीस काही बेघर माणसांनी तंबू टाकले, पोलिसांनी हुसकावलं की दुसरीकडे टाकले, असं करत २००१ मध्ये विमानतळाजवळच्या पालिकेच्या जागेवर ते स्थिरावले. तंबूंच्या जागी हळूहळू लाकडी खोल्या आल्या. डिग्निटी व्हिलेज हे त्यांचं नाव, आणि कारभार राहणारेच बघतात.

सिएटलचा इतिहास तर आणखी मागे जातो. १९३१ मध्ये, मंदीच्या काळात, बंदराजवळ जहाजं बांधण्याच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर कामावरून निघालेल्या माणसांनी पत्र्या-फळ्यांच्या झोपड्या घातल्या. पालिकेने त्या दोनदा जाळल्या, त्यांनी पुन्हा बांधल्या. मग पालिकेने नमतं घेतलं आणि अटी घातल्या. त्यातली एक अशी की राहणाऱ्यांनी आपले पंच निवडावेत. राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या नावावरून लोक तिला 'हूवरव्हिल' म्हणत. १९३४ मध्ये विद्यापीठातल्या समाजशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने तिथे झोपडी विकत घेऊन मुक्काम केला आणि मोजदाद केली: ६३९ माणसं, त्यात बायका फक्त सात. दहा वर्षं ती वस्ती टिकली. १९४१ मध्ये पालिकेने ती पाडून जाळून टाकली.

या हूवरव्हिलपेक्षा मला दुसरीच एक जुनी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोत माणसं बागांमधून तंबूत राहत होती आणि पावसाळा तोंडावर होता. तेव्हा सुतारांच्या संघटनेच्या माणसांनी रेडवुडच्या ५,६१० छोट्या खोल्या बांधल्या, सगळ्या बागेतल्या बाकांच्या हिरव्या रंगात रंगवलेल्या. भाडं महिना दोन डॉलर, आणि ते भाडं पन्नास डॉलरच्या किमतीत वळतं होत असे. छावण्या बंद करायची वेळ आली तेव्हा माणसांनी कुठेतरी जमिनीचा तुकडा मिळवला, आपापली खोली घोडागाडीवर चढवली आणि निघाली. काहींनी दोन-तीन खोल्या जोडून घर केलं. १९०८ पर्यंत छावण्या संपल्या. त्यातल्या मोजक्या खोल्या अजून उभ्या आहेत.

मी हे वाचलं त्या रात्री बराच वेळ जागी होते. तात्पुरत्या निवाऱ्याची इतकी सुंदर अखेर मला दुसरी माहीत नाही. निवारा मागे टाकून घराकडे जायचं नाही, निवाराच उचलून घराच्या जागी न्यायचा. तेव्हा ते जमलं, कारण शहराच्या कडेला परवडणारी जमीन शिल्लक होती. आज आम्ही खोली बांधतो, ट्रकही आहे. ती न्यायची कुठे, तेवढंच नाही.

सगळं येऊन अडतं ते इथे. २०१५ च्या नोव्हेंबरात सिएटलने आणि शहर ज्यात येतं त्या किंग काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, बेघरपणावरून आणीबाणी जाहीर केली, त्यानंतर शहरात अशा वस्त्या वाढत गेल्या. देशभराचा आकडा मात्र २०२४ पर्यंत तरी खाली आलेला नव्हता. २०२४ च्या जानेवारीतल्या एका रात्रीच्या सरकारी मोजणीत ७,७१,४८० माणसं बेघर निघाली. त्याच वर्षी २८ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करणं ही घटनेच्या अर्थाने क्रूर शिक्षा नव्हे, मग त्याला जायला दुसरी जागा असो वा नसो. म्हणजे जागा वाढली नाही, झोपायची सोय मात्र आणखी आकसली.

आमच्या कामावर टीका करणारे म्हणतात की या खोल्यांवर खर्च होणारा पैसा आणि उत्साह घरांवर लागायला हवा. त्यांच्याकडे चांगले दाखले आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९९२ मध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने रस्त्यावरच्या मनोरुग्णांना थेट घरं द्यायला सुरुवात केली. आधी व्यसन सोडा, आधी औषधं घ्या, असली अट नाही. आधी घर, बाकी नंतर. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं आणि जुन्या वसतिगृहांच्या जागी छोट्या छोट्या सदनिका केल्या. मला हे म्हणणं पटतं. घर हे बक्षीस नव्हे, सुरुवात आहे. पण आज रात्री पाऊस पडतोय आणि इमारत उभी राहायला तीन वर्षं लागणार आहेत, तर मधल्या तीन वर्षांचं काय? या प्रश्नापाशी मी हातोडा उचलते.

एक मात्र मी आता आग्रहाने म्हणते. वस्तीत किती खोल्या आहेत हे मला सांगू नका. गेल्या वर्षी किती माणसं इथून स्वतःच्या घरात गेली आणि त्यातली किती अजून तिथेच आहेत, ते सांगा. बाहेर पडायची वाट नसलेली वस्ती म्हणजे रंग दिलेली हूवरव्हिल. इथून तासाभराच्या अंतरावर ऑलिम्पियात एक तंबूंची छावणी २००७ पासून चर्चच्या एका आवारातून दुसऱ्या आवारात विंचवाच्या बिऱ्हाडासारखी फिरत होती. २०१३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ती तीस छोट्या घरांमध्ये राहायला गेली. किहोटे व्हिलेज. तिथलं प्रत्येक घर १४४ चौरस फुटांचं, आत स्वतःचा संडास आणि बेसिन. आमच्या खोलीपेक्षा जेमतेम ४८ चौरस फूट जास्त. पण त्या ४८ फुटांत 'इथे मी राहू शकतो' हे वाक्य मावतं.

आमच्या बाईंची वाट कागदांतून गेली. ओळखपत्रासाठी जन्माचा दाखला हवा, दाखल्यासाठी ओळखपत्र हवं. दोन्ही गाडीबरोबर गेलेले. वस्तीत केस मॅनेजर असते, म्हणजे प्रत्येकाची फाइल हातात घेऊन दारोदार पाठपुरावा करणारी बाई. तिच्या टेबलावर मी महिनोन्‌महिने तीच फाइल जाड होताना पाहिली. झोपड्या कुणीही बांधेल, खरं काम त्या टेबलावर होतं. शेवटी भाड्याच्या मदतीचं सरकारी व्हाउचर मिळालं. उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के भाडं आपण भरायचं, उरलेलं सरकार भरतं. पण ते मिळाल्यावर ठरावीक मुदतीत घर शोधावं लागतं. केंद्राच्या नियमाप्रमाणे सुरुवातीला किमान ६० दिवस. मुदतवाढ मिळू शकते, मिळेलच असं नाही.

मी गाडी चालवायचे, त्या शेजारी, कुत्रा मागे. सात घरं पाहिली. एकीकडे जुन्या थकलेल्या बिलांवरून नकार. दुसरीकडे कुत्र्यावरून. एका ठिकाणी आधीच्या पत्त्याच्या रकान्यात त्यांनी वस्तीचा पत्ता लिहिला आणि समोरच्या मुलीने तो वाचून पेन खाली ठेवलं. परत येताना त्या बोलल्या नाहीत. कुत्र्याने मागून त्यांच्या खांद्यावर तोंड टेकवलं होतं, ते तसंच राहिलं. मुदतवाढ मिळाली, आणि आठव्या ठिकाणी, एका ना-नफा संस्थेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीचं घर मिळालं. आत मोरी, ओटा, आणि खिडकीतून रेल्वेचे रूळ.

त्या गेल्या त्या दिवशी मी मदतीला होते. सामान माझ्या गाडीत मावलं. वर पोहोचल्यावर त्यांनी आधी नळ सोडला, बंद केला, परत सोडला. मग खोलीभर फिरून दारापाशी आल्या आणि बूट काढून भिंतीला लावून ठेवले. मीही काढले. फरशी गार होती. आम्ही दोघी मोज्यांनिशी उभ्या होतो आणि दोघींनाही काय बोलावं सुचत नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी फोन केला तो तक्रारीसाठी: रात्री फार शांत असतं, वस्तीतले आवाज नाहीत, झोप येत नाही. दर बुधवारी त्या वस्तीत जेवायला येतात, अजून.

पुढच्या शनिवारी मी शेडमध्ये न जाता वस्तीत गेले, त्यांची खोली पुढच्या माणसासाठी तयार करायला. पावसाने दार फुगलं होतं, चौकटीला घासत होतं. रंधा मारला, कड घासली, करंगळीने कडी सरकते का पाहिलं. आत भिंतीवर खालच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, एक खिळा होता. कुत्र्याचा पट्टा अडकवायला त्यांनी ठोकलेला. काढायला पक्कड लावली आणि राहू दिला.

दुपारी नवीन माणूस आला. तरुण, पंचविशीचाही नसेल. पाठीवर एक पिशवी, हातात एक. मी किल्ली दिली. त्याने दार आतून लावून पाहिलं, उघडलं, परत लावलं. मग पलंगाच्या अगदी कडेला बसला. बूट त्याने काढले नाहीत.